शब्दचर्चा : विषाणूचा ‘स्पाइक’ म्हणजे काटा, शूक की कुसळ?

वैनगंगा : चांदीपुरा विषाणूवर आशाताईंसाठी दोन पानी पत्रक करतेय. १९६५ मध्ये आपल्या नागपूरजवळच्या गावातच सापडलेला विषाणू, तेव्हा मराठी तरी नीट असावं. विषाणूच्या पृष्ठभागावर उभं असलेल्या ‘स्पाइक’ प्रथिनाला ‘काटेरी प्रथिन’ लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी खोडलं. म्हणे, काटा टोचतो, हे टोचत नाही.

सूक्ष्मदर्शी : खोडलं ते बरोबरच. हा स्पाइक म्हणजे ‘जी’ (G) नावाचं प्रथिन, त्याच्या तीन प्रती मिळून एक त्रिकूट होतं. ते पेशीला धरतं, मग पेशीच विषाणूला पिशवीत गुंडाळून आत ओढते. पिशवीतला पीएच ६ च्या आसपास उतरला, म्हणजे आत आम्लता वाढली, की त्रिकूट उलगडतं, टोकाचे वेढे पिशवीच्या पापुद्र्यात रुततात, प्रथिन परत दुमडतं आणि विषाणूचा आणि पिशवीचा असे दोन पापुद्रे एक होतात. निपाह या दुसऱ्या विषाणूमध्ये पेशी पकडायला ‘जी’ आणि पापुद्रे जुळवायला ‘एफ’ (F), अशी दोन प्रथिनं आहेत. इथे एकटं ‘जी’ दोन्ही करतं. त्यामुळे नुसतं ‘चिकट प्रथिन’ही चालणार नाही.

धान्यकोठार : ‘शूक’ घ्या, म्हणजे कणसावरचा टोकदार केस. शूकधान्य आपल्याकडे आहेच.

वैनगंगा : दादा, शूक समजावण्यातच पत्रक संपेल.

तूरकाठी : कुसळ म्हणा ना! कुसळी गवताचं कुसळ भिजलं की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. हे ‘जी’ पण तसंच, पीएच चढला की मूळ घडीत येतं. फ्लूच्या विषाणूचं असंच प्रथिन, हिमॅग्लुटिनिन, एकदा उलगडलं की परतत नाही. मला तर कुसळ ‘कुश’वरूनच आलेलं वाटतं.

धान्यकोठार : व्युत्पत्ती राहू द्या. कुसळ म्हटलं की मुसळ आठवतं, म्हणजे क्षुल्लक गोष्ट. विषाणूचं मुख्य हत्यार क्षुल्लक कसं?

मातीघर : ताई, हा विषाणू पसरवणाऱ्या माशीला पत्रकात ‘वालुमाशी’ म्हटलंय का? ते आधी बदला. ती रेतीत राहत नाही. डासाहून लहान, दोन-तीन मिलिमीटरची, बसली की पंख उभे. मातीच्या भिंतीच्या भेगा आणि गोठ्याचे ओलसर कोपरे हे तिचं घर. ‘वालु’ वाचून लोक नदीकाठ बघतील आणि भेगा लिंपायच्या राहतील. ‘भेगमाशी’ लिहा.

धान्यकोठार : वालुमाशी रुळलेला शब्द आहे. पत्रकात एक आणि फवारणीवाल्यांच्या तोंडी दुसरा, असं झालं तर गावात दोन वेगळ्या माश्या समजतील.

मातीघर : रुळला तो छापील कागदावर. गोठ्यात कोण म्हणतं वालुमाशी?

धान्यकोठार : भेगमाशी तरी कोण म्हणतं?

सूक्ष्मदर्शी : ताई, नाव कोणतंही ठेवा, शेजारी माशीचं चित्र द्या, उभे पंख दिसतील असं. डास बसल्यावर पंख पाठीवर आडवे मिटतो, त्यावरून ती लगेच वेगळी कळेल.