मदत हवी आहे: हिरड्याच्या अर्काने रीडिंग घटायच्या ऐवजी वाढतंय

नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी बाळहिरडा घेतलाय. गाव जुन्नरच्या पश्चिमेला, त्यामुळे हिरडा विकत आणावा लागला नाही, आजीनेच डबाभर दिला. ती पोट साफ होण्यासाठी देते. मला मात्र बघायचंय की स्टार्च पचवणाऱ्या अल्फा-अमायलेजला हा अर्क रोखतो का.

फॉस्फेट बफर, पीएच ६.९, त्यात थोडं मीठ (क्लोराइडशिवाय एन्झाइम नीट चालत नाही). अर्क आणि एन्झाइम १० मिनिटं एकत्र, मग १ टक्का स्टार्च. शेवटी डीएनएस (स्टार्च तुटून झालेल्या साखरेशी रंग देणारं रसायन) घालून ५ मिनिटं उकळत्या पाण्यात, आणि ५४० नॅनोमीटरला रंगाचं रीडिंग. एन्झाइम रोखलं गेलं तर ते घटायला हवं.

अर्काशिवाय ०.६२ येतं. अर्क ०.५ मिग्रॅ/मिलि असताना ०.७१, आणि १ ला चक्क ०.८८! म्हणजे रोखण्याचं प्रमाण उणे ४२ टक्के. अकार्बोज (अमायलेज रोखणारं माहितीतलं औषध) मात्र व्यवस्थित रोखतंय, म्हणजे एन्झाइम ठीक असावं. ब्लँक (ज्याचं रीडिंग वजा करायचं ती तुलनेची नळी) एकच लावलाय, बफर आणि डीएनएसचा. तीनदा केलं, तीनदा हेच. गाईड म्हणतात "परत कर". पुढच्या आठवड्यात प्रेझेंटेशन आहे, काय चुकतंय?

प्रतिसाद १:
एन्झाइमला दोष देऊ नकोस, ब्लँक चुकलाय. डीएनएस फक्त माल्टोज (स्टार्चपासून होणारी साखर) ओळखत नाही, समोर जे काही क्षपण करेल (इलेक्ट्रॉन देईल) त्याच्याशी रंग देतं. हिरड्यात टॅनिन आणि गॅलिक आम्ल भरपूर, शिवाय अर्काचा स्वतःचा तपकिरी रंग. प्रत्येक प्रमाणासाठी वेगळा ब्लँक लाव: अर्क, स्टार्च, बफर सगळं तेच, फक्त एन्झाइम डीएनएसनंतर घाल. ते रीडिंग वजा कर. उरलेलं स्टार्च मोजायला आयोडिनकडे वळायचा मोह होईल, पण टॅनिन आयोडिनही खातं.

प्रतिसाद २:
वरचं बरोबर. पण नंतर आकडे छान आले तरी लगेच खूश होऊ नका. टॅनिन कुठल्याही प्रथिनाला चिकटतं, त्यात अमायलेजही आलं. अर्कात आधी थोडं अल्ब्युमिन, म्हणजे दुसरं एखादं प्रथिन, मिसळून बघा. परिणाम नाहीसा झाला, तर टॅनिन नुसतंच प्रथिनांना चिकटत होतं, चामडं कमावताना चिकटतं तसं; म्हणजे तुम्ही औषध शोधत नाही, चामडं कमावताय :)

धागाकर्ती:
दोघांनाही खूप धन्यवाद! १ मिग्रॅचा वेगळा ब्लँक ०.५१ आला. ०.८८ मधून वजा केल्यावर ०.३७, म्हणजे सुमारे ४० टक्के रोखलं. आनंदाने उडी मारणार होते, तेवढ्यात दुसरा प्रतिसाद वाचला. अल्ब्युमिन शेजारच्या लॅबमधून मागून आणलंय. आता एकच विचारते: ते अर्कात मिसळल्यावर गढूळ झालं तर गाळून घ्यायचं की सेंट्रिफ्यूज करायचं?

प्रतिसाद २:
सेंट्रिफ्यूज. गाळणकागदालाही टॅनिन चिकटतं. आणि त्याचाही ब्लँक वेगळा.