छातीतली बॅटरी

ताई, बॅटरीच्या संशोधनात बायका आहेत कुठे, असं विचारलंत म्हणून एस्थर ताकेउचींबद्दल लिहिते. लॅटव्हियातून परागंदा झालेल्या आईवडिलांची ही मुलगी. छातीत बसवलेल्या, विजेचा धक्का देऊन हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणाऱ्या डिफिब्रिलेटर यंत्रासाठी त्यांनी लिथियम-सिल्व्हर व्हॅनेडियम ऑक्साइडची बॅटरी विकसित केली. वर्षानुवर्षं गप्प पडून राहायचं आणि वेळ आली की काही सेकंदांत जोरदार प्रवाह द्यायचा, केवढं अवघड काम! १५० च्या वर पेटंटं, २००९ मध्ये ओबामांच्या हस्ते अमेरिकेचं तंत्रज्ञानासाठीचं राष्ट्रीय पदक. पुढे स्टोनी ब्रूक विद्यापीठात प्राध्यापक झाल्या.

मिरजेत बाबांना ते यंत्र बसवलं. गळ्याच्या हाडाखाली छोटासा उंचवटा. सांगलीला परतताना त्यांचा हात सारखा तिथेच जात होता. आता दर तपासणीला आम्ही आधी विचारतो, बॅटरी किती उरली?