पायाची नाडी नेमकी कोठे तपासावी?

प्रश्न (परभणी जिल्हा)
माझ्या वडिलांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे व ते बिडीही ओढतात. अलीकडे शेताच्या बांधापर्यंत चालत गेले की त्यांची उजवी पोटरी भरून येते आणि थोडे थांबले की उतार पडतो. मनगटाची नाडी मला सापडते. पायाची कोठे पाहावी आणि ती लागली नाही तर काय समजावे, हे कृपया सांगावे.

उत्तर (शरीररचनाशास्त्राची शिक्षिका, अंबाजोगाई)
महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, बेंबीच्या आसपास दुभंगते. तिच्या फाट्यांतून पुढे आलेली ऊरुधमनी (मांडीची धमनी) जांघेच्या घडीत मध्यभागी बोटांना स्पष्ट लागते, मग मांडीतून गुडघ्याच्या मागे उतरते आणि तेथून खाली तिचे पुढचा व मागचा असे दोन मुख्य मार्ग होतात. गुडघ्यामागची नाडी खोल असते, ती सरावाशिवाय सापडत नाही. वडिलांना पायाचा अंगठा वर उचलायला सांगा. पावलावर जी शीर ताठ दिसते, ती खरे तर स्नायूची दोरी असते, आणि तिच्या लगत करंगळीच्या बाजूला पुढच्या धमनीची नाडी लागते. मागच्या धमनीची नाडी आतल्या घोट्याच्या मागे, घोटा आणि टाच यांच्या मधोमध पाहावी. तर्जनी आणि मधले बोट हलकेच ठेवा, कारण जोराने दाबल्यास धमनीच बंद होते आणि आपल्या अंगठ्याने पाहिल्यास स्वतःचीच नाडी लागण्याचा संभव असतो.

उत्तर (परिचारिका, लातूर)
ताईंच्या उत्तरात एक भर घालते. काही निरोगी माणसांतही पावलावरची नाडी लागत नाही, म्हणून घोट्यामागच्या नाडीला अधिक महत्त्व द्यावे आणि दोन्ही पायांची तुलना करावी. वडिलांचा पाय गरम पाण्याने किंवा विटेने मुळीच शेकू नका. मधुमेहात संवेदना कमी झालेली असल्यास भाजलेले कळत नाही आणि रक्तपुरवठा अपुरा असल्यास ती जखम भरत नाही.

प्रश्नकर्ता
डाव्या पायाच्या दोन्ही जागा लागल्या. उजव्या पायाची एकही लागत नाही. पाय गार नाही, जखमही नाही.

उत्तर (परिचारिका, लातूर)
तर मग या आठवड्यातच दाखवा. डॉक्टर डॉप्लरने (ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या यंत्राने) घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजतील. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागून उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आले तर धमनी अरुंद झाल्याचे मानतात. जुन्या मधुमेहात धमनीची भिंत कडक होऊन हा आकडा फसवा, चांगला दिसू शकतो, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. पाय अचानक पांढरा, गार आणि असह्य दुखरा झाला, तर मात्र सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठा. बिडी आजच बंद करवा.