एका कानाने कमी ऐकू येत असल्यास वैमानिक होता येते का?

प्रश्न : मुलगी बारावीत आहे. लहानपणी कान फुटल्यापासून डाव्या कानाने कमी ऐकू येते. ऑडिओग्राममध्ये (श्रवणचाचणीच्या आलेखात) ३००० हर्ट्झला ऐकण्यात ५५ डेसिबलची तूट दिसते. व्यावसायिक वैमानिकाचा मार्ग बंद समजावा का?

उत्तर १ : नाही. आंतरराष्ट्रीय निकषानुसार प्रत्येक कानात ५००, १००० व २००० हर्ट्झला ३५ आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा जास्त तूट नसावी; तथापि ही मर्यादा ओलांडली, तरी कॉकपिटसारख्या गोंगाटात बोलणे नीट कळत असल्यास उमेदवाराला पात्र ठरवता येते.

उत्तर २ : पडद्याला छिद्र उरले आहे का, हेही तपासून घ्या. एकच कोरडे छिद्र असल्यास उमेदवार अपात्र ठरतोच असे नाही.

उत्तर ३ : माझ्या मते फ्लाइंग स्कूलची फी भरण्याआधीच डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) क्लास वन, म्हणजे व्यावसायिक वैमानिकासाठीची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, केवळ त्याआधीच्या प्राथमिक क्लास टू तपासणीवर विसंबू नये.