चा-ची-चे म्हणजे ‘अपॉस्ट्रॉफी एस’ हे सूत्र शिकवणं बंद करावं का?

खानापूर_शिकवणी

मराठी माध्यमाची आठवी-नववीची मुलं माझ्याकडे इंग्रजीला येतात. प्रत्येकाच्या वहीत एक ओळ सापडतेच: चा, ची, चे आलं की अपॉस्ट्रॉफी एस. ही ओळ खोडून टाकावी असं माझं स्पष्ट मत आहे.

‘रामाची सायकल’पर्यंत सगळं ठीक चालतं. ‘राम्स सायकल’, काम झालं. पण मूल तेवढ्यावर थांबत नाही. आंब्याचं झाड ‘मँगोज ट्री’ होतं, सोन्याची अंगठी ‘गोल्ड्स रिंग’, चहाचा कप ‘टीज कप’. त्यात पोराची काय चूक? आपला ‘चा’ मालकी सांगतो, वस्तू कशाची बनली ते सांगतो, कुठली ते सांगतो, किती किमतीची तेसुद्धा सांगतो. इंग्रजीत ही कामं निरनिराळ्यांकडे आहेत. माणूस किंवा जनावर मालक असेल तर बहुधा अपॉस्ट्रॉफी एस. निर्जीव वस्तूचा भाग असेल तर बऱ्याचदा ‘ऑफ’: ‘द रूफ ऑफ द हाउस’. प्रकार किंवा धातू सांगायचा तर दोन नामं नुसती शेजारी ठेवायची: ‘मँगो ट्री’, ‘गोल्ड रिंग’. वर वेळेच्या शब्दांना परत अपॉस्ट्रॉफी एस, ‘टुडेज पेपर’.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे आणि तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. आपण म्हणतो ‘त्यानं खिशात हात घातला’. कुणाचा हात, कुणाचा खिसा, हे सांगायची गरजच नसते. पोरं लिहितात ‘ही पुट हँड इन पॉकेट’. इंग्रजीला दोन्हीकडे ‘हिज’ लागतं. ‘दात घास’मध्ये ‘तुझे’ नाही, ‘ब्रश युअर टीथ’मध्ये ‘युअर’ हवंच. मराठीत जिथे षष्ठीच नाही, तिथे चा-ची-चेचं सूत्र पोराला काय सांगणार?

अनगोळच्या_बाई

सर, शिकवणीत समोर मोजकी मुलं असतात. भरलेल्या वर्गात सूत्राशिवाय पाऊल पुढे पडत नाही. आधी एक ओळ पाठ होऊ दे, मग अपवाद. आम्ही असंच शिकवलं, आणि त्यातली मुलं आज बेंगळुरूला नोकऱ्या करताहेत.

आणि तुमची सजीव-निर्जीव वाटणी तरी कुठे टिकते? पेपरात रोज ‘इंडियाज इकॉनॉमी’ छापून येतं, ‘द कंपनीज ऑफिस’ येतं. देश सजीव का? एक सूत्र काढून तुम्ही तीन देताय, आणि तिन्ही गळतात.

निपाणीकर

बाई, सर, तुम्ही दोघंही त्या वरच्या टिंबाच्या मागं का लागलाय? सोळाव्या शतकात छपाईवाल्यांनी फ्रेंचांकडून उचललेलं चिन्ह आहे ते. अमेरिकेत 1890 साली गावांची नावं ठरवायला मंडळ नेमलं, तेव्हापासून नावांतला अपॉस्ट्रॉफी ते जवळजवळ कुठंच ठेवू देत नाहीत. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेनं 2009 मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवर तो लावायचा नाही असं ठरवलं. ज्यांची भाषा तेच टाकून देताहेत, आणि आमच्या पोरांचे त्याच्यासाठी मार्क कापायचे?

बेळगावच्या खडेबाजारात फिरून या. ‘मेन्स वेअर’, ‘लेडीज टेलर’, सगळं बिनटिंबाचं, आणि गिऱ्हाईक बरोबर दुकानात शिरतं. कर्नाटकाच्या 2024 च्या कायद्यानं पाटीची साठ टक्के जागा कन्नडला गेली. उरलेल्यात इंग्रजी नि मराठीनं दाटीवाटीनं बसायचं. तिथं अपॉस्ट्रॉफीला कोण विचारतंय की!

अनगोळच्या_बाई

बर्मिंगहॅमचं सांगितलंत, केंब्रिजचंही सांगा की. तिथल्या नगरपालिकेनंही तेच ठरवलं होतं, लोक चिडले आणि 2014 मध्ये निर्णय मागे घ्यावा लागला.

पाटीचं सोडा, जमिनीच्या उताऱ्याचं बोला. ‘माय ब्रदर्स लँड’ म्हटल्यावर ती एका भावाची जमीन की सगळ्या भावांची? उच्चार अगदी एकच. एसच्या आधी टिंब असेल तर एकाची, नंतर असेल तर सगळ्यांची. वाटणीच्या कागदात हे चालवून बघा. आपल्याकडे ते अनुस्वार करतो, ‘भावाची जमीन’ आणि ‘भावांची जमीन’. मी वर्गात असंच सांगायची: मराठीत जिथे ‘भावां’वर अनुस्वार, तिथे इंग्रजीत टिंब एसच्या पलीकडे. मुलांना लगेच कळायचं. फक्त ‘चिल्ड्रन्स’, ‘विमेन्स’ वेगळे सांगावे लागायचे, कारण ते एस न लागताच अनेकवचनी होतात.

म्हणजे चा-ची-चेवरूनच शिकवता येतं, सर. तुम्हाला हवं होतं ते उदाहरण हेच.

शहापूर_मधला

एक वेगळं सांगू? सगळे मराठीवरून इंग्रजीकडे उडी मारताय, मधली पायरी दारातच आहे. कन्नड. आपल्यात रामाचा भाऊ, रामाची बहीण, रामाचं पुस्तक, पुढचं नाम बदललं की प्रत्यय बदलतो. कन्नडात ‘रामन तम्म’, ‘रामन तंगी’, ‘रामन पुस्तक’. ‘रामन’ जागचा हलत नाही, अगदी ‘राम्स’सारखा. ‘नन्न’ म्हणजे ‘माय’, तेही कायम तसंच. इथल्या पोराला गल्लीत खेळताना हे आलेलं असतं. मग इंग्रजीच्या तासाला ते का वापरायचं नाही?

टिळकवाडी_जुना

म्हणजे मराठी मुलांना इंग्रजीसुद्धा कन्नडमधूनच शिकवायचं का? पाट्या झाल्या, कागद झाले, आता हेही बाकी होतं.

बरं, राग बाजूला ठेवतो. तुमची पायरी दुसऱ्याच पावलाला मोडते. आंब्याचं झाड कन्नडात काय? ‘माविन मर’. सोन्याची अंगठी? ‘चिन्नद उंगुर’. दोन्हीत षष्ठीच आहे की नाही? खानापूरच्या सरांची मूळ तक्रार ‘मँगोज ट्री’ची होती. कन्नडवरून गेलेलं पोरही ‘मँगोज ट्री’च लिहिणार.

शहापूर_मधला

बरोबर आहे, तिथं मोडते. पण पहिल्या पावलाला तर चालते ना. रागाचं मी काही बोलत नाही, अण्णा, माझी आजी घरात दोन्ही भाषा बोलायची.

खानापूर_शिकवणी

बाईंचं अनुस्वाराचं उदाहरण मी उद्यापासून वापरणार. पण त्यानं माझा मुद्दा खोडला जात नाही. ते चिन्ह कुठे द्यायचं हे शिकवतं. षष्ठी कुठे वापरायची, कुठे नाही, हे त्यातून कळत नाही.

सजीव-निर्जीव गळतं हे मान्य, पण वाट्टेल तसं गळत नाही. देश, कंपनी, शाळा यांच्यात माणसं असतात, म्हणून ‘इंडियाज’ कानाला खटकत नाही. ‘द टेबल्स लेग’ खटकतं, तिथे ‘टेबल लेग’ किंवा ‘द लेग ऑफ द टेबल’.

आता ‘आपला’ घ्या. ‘सुनीता आपल्या भावाबरोबर आली.’ या ‘आपल्या’त मालक बाई की बुवा याचा पत्ताच नाही. पोरं खुशाल ‘विथ हिज ब्रदर’ लिहितात, कारण भाऊ पुरुष आहे. काही तर ‘अवर ब्रदर’ लिहितात. ‘तिचा भाऊ’ लिहायला दिलं तर तीच पोरं सहसा ‘हर’ लिहितात, तिथे ‘ति’ समोर दिसतो ना.

उलट इंग्रजी जिथे गोंधळ करते तिथे आपण स्वच्छ आहोत. ‘रमेश टुक सुरेश टू हिज हाउस’ यात घर कुणाचं? मराठीत ‘आपल्या घरी’ म्हणजे रमेशचं, ‘त्याच्या घरी’ म्हणजे सुरेशचं. हे सांगितलं की मुलांचा इंग्रजीपुढचा दबकेपणा जरा कमी होतो, असा माझा अनुभव.

निपाणीकर

मान्य, पण परीक्षेत हे विचारतंय कोण? रिकामी जागा भरा, टिंब कुठं द्या, एवढंच येतं. आणि बोलताना कुणाचं अडतंय? आमचे साहेब सरळ ‘अवर मिसेस’ म्हणतात. ‘आमच्या हिचं’ असलं तरी ‘अवर’च. त्या बाईंवर अजून कुणी दुसऱ्यानं हक्क सांगितलेला नाही.

अनगोळच्या_बाई

साहेबांना सांगा, ‘अ फोटो ऑफ माय वाइफ’ म्हणजे फोटोत बायको दिसते. ‘अ फोटो ऑफ माय वाइफ्स’ म्हणजे बायकोच्या संग्रहातला एखादा फोटो, त्यात म्हैसही असू शकते. ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ त्याच घरातलं. हे मात्र मराठीवरून समजावणं मला कधी जमलं नाही, पाठच करून घ्यायची.

खानापूर_शिकवणी

पाठ करून घेणं हाच तर आपला वाद आहे, बाई. पुढच्या आठवड्यात सहामाहीचे पेपर तपासायला येतील. त्यातली षष्ठीची चुकलेली वाक्यं इथेच टाकतो. टिंबाची चूक किती आणि ‘हिज’ गाळल्याची किती, दोघं मिळून मोजू.

निपाणीकर

मोजा. गाळलेला ‘हिज’ जास्त निघाला तर पहिली पार्टी माझी. कुंदा मात्र बाईंनी आणायचा.