तिघांनी मिळून ऑनलाइन फॅन्टसी आरपीजी करायचा आहे : आधी जग उभारावे की सर्व्हर?

नीलकाजवा (प्रश्न)

नमस्कार. अनेक वर्षांपासून मी एका काल्पनिक प्रदेशाचे नकाशे, टिपणे आणि दंतकथा लिहीत आलो आहे. या प्रदेशातील नद्या आपला मार्ग बदलत राहतात, आणि नदी ज्या गावाला सोडून जाते त्या गावाचा देवही तिच्याबरोबर निघून जातो. हे जग मला ऑनलाइन आरपीजीच्या (खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळतो अशा गेमच्या) रूपात उभारायचे आहे, कारण नदी कुठे वळेल हे कोणा एका नायकाने नव्हे, तर सर्व खेळाडूंच्या कृतींनी मिळून ठरावे, अशी माझी मूळ कल्पना आहे.

मी प्रोग्रामर असून नोकरी सांभाळून मोकळ्या वेळात हे काम करणार आहे. चित्रांसाठी एक मैत्रीण आणि संगीतासाठी एक मित्र सोबत आहेत; आम्हा तिघांपैकी कोणालाही यातून पैसे मिळवायचे नाहीत. आधी एका खेळाडूपुरता गेम पूर्ण करून मग तो ऑनलाइन करावा, असे अनेकांनी सुचवले. ते योग्य आहे का? किती खेळाडू गृहीत धरून रचना करावी? आणि इंजिन, म्हणजे गेम ज्यावर बांधतात ते तयार सॉफ्टवेअर, कोणते निवडावे?

उत्तरायण

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठामपणे नाही असे देतो. स्टारड्यू व्हॅली हा शेतीवरचा गेम २०१६ मध्ये एका खेळाडूसाठी आला आणि त्यात मल्टिप्लेअर २०१८ मध्ये जोडला गेला, हे उदाहरण अशा वेळी हमखास दिले जाते. पण तिथे ओळखीचे मित्र एकाच शेतावर खेळतात आणि ते एकमेकांना फसवणार नाहीत, असे मानून चालता येते. अनोळखी लोकांच्या कायमस्वरूपी जगात ते गृहीतक चालत नाही. तिथे खेळाडूच्या संगणकावरील प्रोग्रामने फक्त इच्छा कळवायची असते : ‘मला उत्तरेला जायचे आहे’, ‘मला या लांडग्यावर वार करायचा आहे’. वार लागला का, किती लागला आणि लांडग्याकडून काय मिळाले, हे सर्व्हर ठरवतो. एका खेळाडूसाठी लिहिलेल्या कोडमध्ये इच्छा आणि निकाल एकाच फंक्शनमध्ये मिसळलेले असतात, आणि ते नंतर वेगळे करणे म्हणजे जवळजवळ सर्व काही पुन्हा लिहिणे होय.

म्हणून पहिला टप्पा अगदी उघडावाघडा ठेवा. दोन चौकोन एका मोकळ्या पटावर हलावेत, दोन वेगळ्या संगणकांवरून एकमेकांना दिसावेत, आणि सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर जिथे होते तिथेच सापडावेत. यात गाव नाही, तलवार नाही, देवही नाही. परंतु जोडणी, निकाल ठरवण्याचा सर्व्हरचा अधिकार आणि साठवण या तिन्ही कठीण गोष्टी यात येऊन जातात.

लढाईचा वेग कोणता ठेवावा, याचा निर्णयही इतक्या लवकरच घ्यावा लागतो. ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन गेमचा सर्व्हर आजही ०.६ सेकंदाच्या टिकवर चालतो, म्हणजे जगातील घडामोडी एवढ्या अंतराने पुढे सरकतात, आणि लाखो लोक तो आनंदाने खेळत आले आहेत. असा संथ टिक स्वीकारला तर लॅग (जोडणीतला विलंब) लपवण्यासाठी हालचालींचा आधीच अंदाज बांधणारा आणि अंदाज चुकल्यास तो मागे घेणारा किचकट कोड बराच टळतो. तीन जणांच्या गटासाठी ही फार मोठी बचत आहे.

खेळाडूंच्या संख्येबाबत एक हिशेब लक्षात ठेवा. एका चौकात २०० जण उभे असतील आणि प्रत्येकाला उरलेल्या सर्वांची हालचाल कळवायची असेल, तर प्रत्येक टिकला ३९,८०० नोंदी पाठवाव्या लागतात. प्रत्येकाला जवळच्या २० जणांचीच हालचाल कळवली तर ४,००० पुरतात. नकाशाचे चौकटींत विभाजन करून ‘कोणाला कोण दिसते’ हे ठरवण्याची सोय पहिल्यापासून असू द्या. त्याचप्रमाणे दोन खेळाडूंमधील देवाणघेवाण डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बसवा : वस्तू एकाकडून वजा होणे आणि दुसऱ्याकडे जमा होणे ही दोन्ही कामे एकत्र पूर्ण व्हावीत किंवा एकत्र रद्द व्हावीत. नाहीतर नेमक्या मधल्या क्षणी सर्व्हर कोसळला की एका तलवारीच्या दोन तलवारी होऊ शकतात, आणि ही युक्ती पसरली की जगाची अर्थव्यवस्था सावरणे अवघड जाते.

पाऊलखुणा

तांत्रिक बाजू वर नीट मांडली गेली आहे. मला रिकाम्या जगाविषयी बोलायचे आहे, कारण हौसेने केलेल्या ऑनलाइन गेमना सर्व्हरवरील ताणापेक्षा ओसाडपणाचा धोका अधिक असतो. नवा खेळाडू आत येतो, विस्तीर्ण नकाशावर बराच वेळ कोणी भेटत नाही, तो निघून जातो. आणि तो निघून गेल्यामुळे पुढच्यालाही कोणी भेटत नाही. म्हणून हजार खेळाडूंची स्वप्ने बाजूला ठेवून ‘एका वेळी पाच जण असतील तरी हे जग खेळण्याजोगे वाटेल का’ हा प्रश्न प्रत्येक निर्णयाच्या वेळी विचारावा. नकाशा लहान ठेवा, एकच गजबजलेले गाव ठेवा, आणि पाच जणांचा गट जमल्याशिवाय पूर्णच होणार नाही अशी एकही क्वेस्ट (कामगिरी) सुरुवातीला ठेवू नका.

तुमची नदीची कल्पना याच कारणासाठी मला विलक्षण मोलाची वाटते. नदी वळवण्यासाठी सर्वांनी एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही. एकाने सकाळी बांधावर दगड रचले, दुसऱ्याने रात्री त्यातले काही काढले, तिसऱ्याने सोडून गेलेल्या देवाच्या देवळात दिवा लावला. या सर्वांची बेरीज सर्व्हर ठराविक काळाने करतो आणि नदी सरकते. असे झाले तर एकट्याने खेळतानाही दुसऱ्यांच्या हातांचा स्पर्श जाणवत राहतो. बेरीज करताना मात्र एकूण आकडा न धरता प्रमाण धरा, म्हणजे दहा जण खेळत असोत वा पाचशे, नदी तितक्याच सहजतेने किंवा कष्टाने वळेल.

एक सावधगिरी सांगते. अल्टिमा ऑनलाइन हा गेम १९९७ मध्ये आला, तेव्हा त्याच्या निर्मात्यांनी गवत, हरणे आणि हिंस्र प्राणी यांना जोडणारी संपूर्ण परिसंस्था आखली होती. परंतु खेळाडूंनी दिसेल तो प्राणी मारण्याचा सपाटा लावल्यामुळे ती टिकली नाही आणि काढून टाकावी लागली. ऑनलाइन गेमचे अभ्यासक रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे यश मिळवणारे, शोध घेणारे, माणसांत रमणारे आणि इतरांवर कुरघोडी करणारे असे चार प्रकार मांडले. तुमच्या नदीवर या चारही प्रकारच्या लोकांचा हात पडणार आहे, आणि शेवटच्या प्रकारातील मंडळी केवळ इतरांना त्रास व्हावा म्हणून गाव कोरडे पाडून पाहतील. तो प्रसंगही कथेत सामावला जाईल, असे नियम करा. देव निघून गेलेले गाव ओसाड न पडता तिथे दुसरे काहीतरी उगवावे.

नीलकाजवा

दोघांचेही मनापासून आभार. नदी सर्वांच्या एकाच वेळच्या उपस्थितीवर अवलंबून नसावी, हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता आणि त्यामुळे पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. आता एक शंका उरते : चित्रे तयार होण्यापूर्वीच नदीचे नियम खऱ्या खेळाडूंकडून तपासून घेता येतील का? आणि तोपर्यंत माझ्या मैत्रिणीने काय करावे?

मधुशिल्पी

नक्कीच तपासता येतील, आणि त्यासाठी या प्रकाराच्या उगमाकडे जावे. एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ मध्ये सुरू केलेला आणि बार्टल यांनी पुढे वाढवलेला मड हा संपूर्णपणे मजकुरावर चालणारा ऑनलाइन गेम होता. आज पायथॉनमधील एव्हेनिया या मुक्त साधनाने तसे मजकुरी जग प्रोग्रामर थोड्या वेळात उभारू शकतो. त्यात सात गावे, एक नदी आणि बांध एवढेच ठेवा आणि ओळखीच्या मोजक्या लोकांना काही आठवडे खेळू द्या. नदी वळल्यावर ते आपसांत बोलू लागले, भांडू लागले, गटबाजी करू लागले, तर कल्पना जिवंत आहे. कोणी काहीच बोलले नाही, तर नियम बदला. मजकुरातला नियम एका बैठकीत बदलतो, चित्रांसह बांधलेला नियम बदलायला महिने जातात.

मैत्रिणीने या काळात एकच गाव आणि एकच पात्र शेवटपर्यंत पूर्ण करावे, कारण त्यातूनच कामाचा खरा आवाका कळतो. एका पात्राची चाल चार दिशांना आणि प्रत्येक दिशेला सहा फ्रेममध्ये काढली तर २४ चित्रे होतात. चालणे, वार करणे, इजा होणे आणि कोसळणे अशा चार क्रिया धरल्या तर ९६. प्रत्येक नवे चिलखत पात्राच्या अंगावर दिसावे असे ठरवले, तर हा आकडा चिलखतागणिक पुन्हा मोजावा लागतो. चिलखतांचे केवळ रंग बदलायचे की आकारही, हा निर्णय तिच्याशिवाय घेऊ नका.

इंजिनाच्या बाबतीत मी गोडोकडे झुकतो. ते एमआयटी परवान्याखाली मुक्त आहे, त्यामुळे अटी मध्येच बदलण्याची भीती नाही. युनिटी या दुसऱ्या इंजिनाच्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केले आणि वर्षभराने ते मागे घेतले, हे सर्वांना आठवत असेल. तरीही सर्व्हरचा कोड इंजिनापासून शक्य तितका वेगळा ठेवा, म्हणजे मजकुरी चाचणीत घासूनपुसून घेतलेले नदीचे नियम पुढे वापरता येतील.

उत्तरायण

व्यवहाराच्या काही गोष्टी राहिल्या होत्या. चाचणीच्या काळात जग एकदा तरी पूर्ण पुसावे लागतेच, आणि हे खेळाडूंना नाव नोंदवतानाच सांगितलेले असावे. डेटाबेसची प्रत रोज दुसऱ्या ठिकाणी आपोआप जाऊ द्या आणि ती परत भरून पाहण्याचा सरावही करा. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबून राहता येत नाही.

पैसे मिळवायचे नसले, तरी तिघांमध्ये एक पानाचा लेखी करार करावा असा माझा आग्रह आहे. कोणी मध्येच थांबले तर त्याची चित्रे किंवा संगीत गेममध्ये राहील का, उद्या देणग्या आल्या तर त्या कशावर खर्च होतील आणि सर्व्हर बंद करण्याचा निर्णय कोण घेईल, एवढे त्यात असले तरी पुरे. हे संभाषण आता सहज होते, रुसवे-फुगवे सुरू झाल्यावर होत नाही.

चॅटचा विचारही आजच करा. एखाद्याचे बोलणे आपल्यापुरते बंद करण्याची आणि त्याची तक्रार नोंदवण्याची सोय पहिल्या सार्वजनिक दिवसापासून हवी. तुमच्यापैकी कोणीही लक्ष ठेवू शकणार नाही अशा वेळी सार्वजनिक चॅट बंद राहून फक्त ठरलेली वाक्ये आणि खुणा चालतील, अशी व्यवस्था करता आली तर तीन जणांनाही हे जग निभावता येईल.