मदत हवी आहे: फिट पॉझिटिव्ह आली, पुन्हा तीच करू का?

अबोली_क
शौचातलं रक्त शोधायची फिट तपासणी पॉझिटिव्ह आली. डॉक्टर थेट कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं बघणं) म्हणताहेत. त्रास काहीच नाही, मूळव्याध जुनी आहे, रक्त तिचंच असणार. पुन्हा फिट केली आणि निगेटिव्ह आली तर सुटका ना? लवकर सांगा, उद्या कळवायचं आहे.

रानवारा
वय? घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर? हिमोग्लोबिन? गोळ्या?

जुना_सभासद
आधी मांसाहार केला होता का? आमच्या वेळी कडक पथ्य असायचं.

रानवारा
ते शौचातल्या रक्ताच्या जुन्या ग्वायॅक तपासणीचं. फिट माणसाच्या रक्तातलं ग्लोबिन हे प्रथिनच पकडते, पथ्य लागत नाही.

मनस्वी७
सीईए (कॅन्सरमध्ये वाढू शकणारं प्रथिन) करून टाका. साधी रक्ततपासणी.

डोंगरवाट
कृपया असं सुचवू नका. सीईए चाळणीसाठी, म्हणजे त्रास नसताना कॅन्सर शोधायला, नाहीच. कॅन्सर लहान असताना ते बरेचदा नॉर्मल येतं आणि नुसत्या सिगारेटनेही वाढतं. उपचारानंतर लक्ष ठेवायला ते वापरतात.
ताई, पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूची मांसल वाढ) रोज रक्त सोडत नाही. दुसरी फिट निगेटिव्ह आली म्हणून पहिली खोटी ठरत नाही. मूळव्याध आहे म्हणून आत दुसरं काही नाही, असंही नाही.

मनस्वी७
मग सीटी कोलोनोग्राफी (सीटी स्कॅनने आतडं बघणं)? भूल नाही, काही नाही.

डोंगरवाट
पोट तिथेही साफ करावं लागतंच. पॉलिप दिसला तर काढायला पुन्हा कोलोनोस्कोपी. मग एकदाच का नको?

जुना_सभासद
मला जेवल्यावर छातीत जळजळतं. त्यालाही हीच दुर्बीण का?

रानवारा
नाही, ती तोंडातून घालतात. वेगळा धागा काढा ना. अबोली, वय?

अबोली_क
४१. सख्ख्या भावाला ४७ व्या वर्षी निघाला होता, पण तो तंबाखू खायचा, मी नाही.

डोंगरवाट
हे पहिल्याच ओळीत हवं होतं! सर्वसाधारण धोका असणाऱ्यांना अमेरिकेत २०२१ पासून ४५ व्या वर्षी तपासणी सुरू करायला सांगतात. सख्ख्या भावाला साठीच्या आत झाला असेल तर ४० व्या वर्षी किंवा त्याच्या निदानाच्या वयाआधी १० वर्षं, जे आधी येईल तेव्हा. म्हणजे तुम्ही ३७ लाच, आणि तीही कोलोनोस्कोपीच. नॉर्मल आली तरी दर ५ वर्षांनी.

सायली_म
माझी झालीय. तपासणीपेक्षा पोट साफ करायचं औषध पिणं जड जातं. अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं सकाळी. गार करून स्ट्रॉने प्या. शेवटी पिवळसर, आरपार दिसणारं पाणी पडायला हवं. गढूळ असेल तर लहान पॉलिप नजरेतून सुटतात.

अबोली_क
बरं, करते. पायात गुठळी झाल्यापासून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. तिच्यामुळेच पॉझिटिव्ह आली असेल का?

रानवारा
गोळ्या विचारल्या होत्या मी! तिच्यामुळे असली तरी आत बघावंच लागतं. तारीख घेतानाच ही गोळी सांगा, कारण पॉलिप कापला की तिथून रक्त येऊ शकतं. कधी थांबवायची ते ज्यांनी दिली त्यांनाच विचारा, मनाने बंद करू नका.